मिनी ट्रॅक्टरसाठी ट्रॉली निवडताना: किती ओढेल यापेक्षा किती थांबवेल ते पाहा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. शेतीसाठी वापरल्या जाणाऱ्या, स्वतः माल भरणाऱ्या किंवा उतरवणाऱ्या ट्रेलरवरचा, म्हणजे आपल्या भाषेत हायड्रॉलिक ट्रॉलीवरचा करही १२ वरून ५ टक्के झाला. त्यामुळे पाच-सात एकराच्या शेतकऱ्याच्या घरातही मिनी ट्रॅक्टरचा विचार सुरू झाला आहे. सोबत रोटाव्हेटर, पेरणी यंत्र आणि ट्रॉली घ्यायची, असा साधारण बेत असतो.

या सगळ्यात ट्रॅक्टरची चौकशी चार शोरूममध्ये होते, रोटाव्हेटरची दोन दुकानांत होते आणि ट्रॉली मात्र उरलेल्या पैशात, जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ‘मोठ्यात मोठी करून द्या’ असे सांगून बनवली जाते. सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडसारख्या गावात याचा परिणाम लगेच दिसतो. एका बाजूला काळ्या जमिनीतल्या पांदण वाटा, दुसऱ्या बाजूला सिंदखेडराजा-मेहकर हा वर्दळीचा रस्ता आणि शेजारून समृद्धी महामार्ग. एकच ट्रॉली सकाळी चिखलात असते आणि दुपारी ट्रकच्या रांगेत.

ट्रॉली निवडताना ‘आपला ट्रॅक्टर किती ओढेल’ हा प्रश्न दुसरा. ‘आपला ट्रॅक्टर किती थांबवू शकेल’ हा पहिला. या लेखात त्याचा हिशोब मांडला आहे. आकडे ढोबळ आहेत. तुमच्या ट्रॅक्टरचे वजन माहितीपुस्तिकेतून घ्या आणि तेच गणित स्वतः करून पाहा.

ओढणे सोपे, थांबवणे अवघड

१८ ते २५ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरचे वजन साधारण ७०० ते ९०० किलो असते. आपण ८०० किलो धरू. चालक ७० किलो. रिकामी दोन चाकी ट्रॉली ६०० किलो आणि त्यात १५ क्विंटल सोयाबीन. सगळे मिळून जवळपास ३,००० किलो वजन रस्त्यावर पळते आहे.

हे वजन थांबवते कोण? बहुतेक मिनी ट्रॅक्टरचा ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो आणि साध्या ट्रॉलीला ब्रेकच नसतो. मागच्या चाकांवर ट्रॅक्टरचे आणि चालकाचे मिळून साधारण ५५० किलो वजन येते. ट्रॉलीची दांडी हुकवर २०० किलो भार टाकते. म्हणजे मागच्या चाकांवर ७५० किलो. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड त्या वजनाच्या साधारण ६० टक्के असते, म्हणून रोखणारी ताकद फार तर ४५० किलो. एवढ्या ताकदीने ३,००० किलोचा गाडा थांबवायचा आहे.

समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरला, तर ताशी २० किलोमीटर वेगात चित्र असे दिसते:

- नुसता ट्रॅक्टर, सपाट कोरडा रस्ता: सुमारे १० मीटरमध्ये थांबतो.
- १५ क्विंटल भरलेल्या ट्रॉलीसह, सपाट कोरडा रस्ता: सुमारे १६ मीटर.
- तीच ट्रॉली, १०० फुटांत १० फूट उतरणारा रस्ता: सुमारे ३७ मीटर, म्हणजे १२० फूट.
- तीच ट्रॉली, रस्त्यावर ओली काळी माती, सपाट: सुमारे २६ मीटर.
- तीच ट्रॉली, ओली माती आणि उतार: वेग कमी होत नाही. चाके लॉक होतात आणि ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत नेते.

वेग ताशी ३० किलोमीटर केला, तर सपाट कोरड्या रस्त्यावरही १६ मीटरचे ३२ मीटर होतात.

चढाचे गणित याच्या उलट आहे. तोच १०० फुटांत १० फुटांचा चढ हाच ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये कुरकुरत का होईना, १५ क्विंटल घेऊन चढतो. म्हणून माणसाला वाटते, ‘ओढतो ना, मग झाले.’ जो चढ आरामात चढला, त्याच उतारावरून येताना घात होतो. ओढून पाहून ट्रॉलीची क्षमता ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे.

किती वजन योग्य?

मोठ्या ट्रॅक्टर कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत एक इशारा सर्रास आढळतो: ब्रेक नसलेली ट्रॉली किंवा अवजार भरल्या वजनासह ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावे आणि वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आत असावा. आपल्या ८०० किलोच्या ट्रॅक्टरला हा नियम लावला, तर भरलेल्या ट्रॉलीचे एकूण वजन १,२०० किलो येते. ट्रॉली ५०० किलोची असेल तर माल ७ क्विंटल.

हा आकडा वाचून अनेकांना हसू येईल. गावात याच ट्रॅक्टरमागे २०-२५ क्विंटल रोज दिसतात. पण वरच्या यादीतले उतार आणि ओल्या मातीचे आकडे पुन्हा पाहा. सपाट, कोरड्या शिवारात थोडे जास्त चालून जाते. पण रस्ता उताराचा असेल, वाटेत नाला, पूल किंवा महामार्गाखालचा भुयारी मार्ग असेल, तर दीडपटीच्या आसपासच राहा.

मग १५ क्विंटल न्यायचेच असतील तर? तर ट्रॉलीला ब्रेक हवा. ट्रॉलीच्या चाकांवर जवळपास १,९०० किलो वजन असते. तिथला ब्रेक निम्म्या ताकदीने लागला, तरी वरच्या उदाहरणातल्या कोरड्या उतारावर ३७ मीटरऐवजी साधारण १२ मीटरमध्ये सगळे थांबते. ट्रॉलीवर होणाऱ्या एकूण खर्चात सर्वांत जास्त उपयोगी पैसा हाच. ट्रॅक्टरने वेग कमी करताच ट्रॉली पुढे दाबते आणि त्या दाबानेच ब्रेक लागतो, अशी यांत्रिक रचना असते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर किंवा हवेवर चालणारे ब्रेकही असतात. फॅब्रिकेशनवाल्याला पहिला प्रश्न ‘किती टनाची?’ असा न विचारता ‘ब्रेक बसवून देता का?’ असा विचारा. तो नाही म्हणाला तर ट्रॉली लहान घ्या.

खरंच मोठी ट्रॉली लागते का?

पाच एकराचा वर्षाचा हिशोब करू. सोयाबीन एकरी ८ क्विंटल धरले तर ४० क्विंटल. रब्बीत हरभरा तेवढाच धरला तर आणखी ४० क्विंटल. शेणखत एकरी २ टन धरले तर १० टन. एका खेपेला १० क्विंटल नेणाऱ्या ट्रॉलीने सोयाबीनच्या ४, हरभऱ्याच्या ४ आणि शेणखताच्या १० अशा १८ खेपा होतात. बियाणे, खते, कुटार, सरपण धरून २५ ते ३० खेपा.

हेच काम २० क्विंटलच्या ट्रॉलीने केले तर १२ ते १५ खेपा वाचतात. तेही वर्षभरात. शेत ते घर एक-दोन किलोमीटर असेल तर या बचतीचे डिझेल फार होत नाही. उलट जड ट्रॉलीमुळे क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स आणि मागचे टायर लवकर झिजतात. रिकामी मोठी ट्रॉलीही लहानीपेक्षा दोन-तीन क्विंटलने जड असते आणि तेवढे लोखंड प्रत्येक खेपेला विनाकारण ओढावे लागते.

बाजारात माल नेण्याचे गणित वेगळे आहे. सिंदखेडराजा, मेहकर, देऊळगावराजा किंवा जालन्याला ४० क्विंटल सोयाबीन न्यायचे असेल तर मिनी ट्रॅक्टर हे त्यासाठीचे वाहन नाही. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून मालवाहू गाडी केली, तर वेळ, डिझेल आणि धोका तिन्ही वाचतात.

माप टनात नाही, घनफुटात घ्या

फॅब्रिकेशनवाला ‘दीड टनाची’ म्हणतो तेव्हा तो साट्याच्या मापावरून अंदाज सांगत असतो. खरे वजन साट्यात काय भरले यावर ठरते. ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि दीड फूट उंच फाळके असलेला साटा ६० घनफुटांचा होतो. हा साटा काठोकाठ भरला तर:

- सुटे सोयाबीन किंवा हरभरा (घनफुटाला २० ते २२ किलो): १२ ते १३ क्विंटल.
- अर्धवट वाळलेले शेणखत (१५ ते २० किलो): ९ ते १२ क्विंटल.
- ओले शेणखत (२५ किलोच्या आसपास): १५ क्विंटल.
- न दाबलेला कापूस (२ ते ३ किलो): दीड क्विंटलच्या आसपास.
- मुरूम किंवा रेती (४५ किलोच्या आसपास): २७ क्विंटल.

म्हणजे धान्याला बेताचा असलेला साटा मुरमाला दुप्पट धोक्याचा ठरतो. कापूस आणि कुटारासाठी उलटी अडचण: वजन कमी, पण जागा जास्त. त्यासाठी साटा मोठा करू नका. काढता-घालता येणारे जाळीचे किंवा लाकडी फळ्यांचे वाढीव फाळके बनवून घ्या. हंगाम संपला की ते काढून ठेवा. उंच फाळके कायम लावलेले असतील तर कोणीतरी त्यात शेणखत किंवा मुरूम वरपर्यंत भरतोच.

मुरूम भरायचाच असेल तर तळापासून अर्धा फूट, म्हणजे एक तृतीयांश साटा, अशी रेघ आतून रंगवून ठेवा. मजूर बदलले तरी रेघ बदलत नाही.

दोन चाकी की चार चाकी?

मिनी ट्रॅक्टरसाठी दोन चाकी, म्हणजे एका ॲक्सलची ट्रॉली बरी. तिची कारणे तीन. पहिले, तिच्या दांडीचा थोडा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे पकड आणि ब्रेक दोन्ही सुधारतात. दुसरे, ती बांधावर आणि अरुंद पांदणीत मागे घेणे सोपे जाते. तिसरे, ती हायड्रॉलिकने उलटी करणे सोपे आणि स्वस्त पडते. चार चाकी ट्रॉलीचे सगळे वजन तिच्याच चाकांवर असते. ती मोठ्या ट्रॅक्टरसाठी आणि ऊस वाहतुकीसाठी योग्य. मिनी ट्रॅक्टरला ती जड पडते.

पण दोन चाकी ट्रॉली नीट भरावी लागते. सगळी पोती पुढे रचली तर दांडीचा भार वाढून ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगला दाद मिळत नाही. सगळी मागे रचली तर दांडी वर उचलते, मागच्या चाकांची पकड जाते आणि ट्रॉली नागमोडी डोलू लागते. भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर यावा. म्हणून ॲक्सल साट्याच्या मध्यापासून किंचित मागे असावा. ट्रॉली बनवून घेताना हे माप उभे राहून तपासा.

जोडणीची उंची याहून महत्त्वाची आहे. ट्रॉली ट्रॅक्टरच्या हुकला किंवा कंपनीने दिलेल्या ड्रॉबारलाच जोडा. टॉप लिंकच्या जागी किंवा उचललेल्या लिफ्ट आर्मला कधीही जोडू नका. ओढ मागच्या ॲक्सलच्या वरून लागली की चढावर ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलते. तो मागे उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत. पिन पूर्ण जाडीची, कुलूपकाटा असलेली हवी. सळईचा तुकडा किंवा बोल्ट पिन म्हणून वापरू नका. दांडी आणि ट्रॅक्टर यांच्यात एक सुरक्षा साखळी लावा.

चाक, टायर, स्प्रिंग, दिवे

टायरवर भारक्षमता छापलेली असते. भरलेल्या ट्रॉलीचे एकूण वजन दोन टायरच्या क्षमतेच्या बेरजेपेक्षा कमीच हवे. जुने, रिमोल्ड केलेले टायर स्वस्त मिळतात, पण काळ्या मातीतून बाहेर पडताना बाजू फुटणारे तेच असतात. टायर-ट्यूबवरचा कर कमी झाल्यावर जुन्या टायरवर वाचणारा पैसा आणखी कमी झाला आहे. रुंद टायर घ्या. ओल्या काळ्या जमिनीत अरुंद टायर रुततो आणि त्यामागची जमीनही घट्ट होते. ही घट्ट झालेली पट्टी पुढच्या पिकाच्या मुळांना अडवते. म्हणून ट्रॉली शेतभर फिरवण्याऐवजी एकच वाट ठरवून तिच्यावरूनच न्या.

कमानपाटे असले तर साटा आणि दांडीचे जोड जास्त टिकतात. फक्त शेत-घर एवढेच काम असेल तर पाटे नसले तरी चालते. साट्याचा पत्रा शेणखताने खालून गंजतो. वर्षातून एकदा धुऊन, खरवडून रंग द्या.

मागचे लाल दिवे, इंडिकेटर, मागे लाल आणि पुढे पांढरे रिफ्लेक्टर यांवर तडजोड नको. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मळणी संध्याकाळपर्यंत चालते आणि ट्रॉली अंधारात रस्त्यावर येते. मागून ताशी ७०-८० च्या वेगाने येणाऱ्या गाडीला बिनदिव्याची ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते. फाळका उघडा टाकून, त्यावर पोती बाहेर काढून नेत असाल तर दिवे आणि रिफ्लेक्टर झाकले जातात. अशा वेळी मागच्या टोकाला वेगळी रिफ्लेक्टर पट्टी बांधा.

ट्रॉलीत माणसे नकोत

२० ऑगस्ट २०२१ रोजी दुसरबीडजवळ तढेगाव फाट्यानजीक समृद्धी महामार्गाच्या कामासाठी लोखंडी सळया आणि मजूर घेऊन जाणारे वाहन उलटले. त्यात १३ मजुरांचा मृत्यू झाला. ते वाहन ट्रॅक्टर नव्हते. पण माल आणि माणसे एकाच साट्यात असली की वाहन कलंडल्यावर काय होते, ते या परिसराने पाहिले आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना नेणारी ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडली. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या ७ महिलांचा मृत्यू झाला.

निंदणी, वेचणी, सोंगणीच्या दिवसांत मजुरांना आणायला ट्रॉलीच वापरली जाते, हे वास्तव आहे. दुसरे वाहन मिळत नाही आणि सकाळचा वेळ हातचा जातो. पण कायद्याने ट्रॉली हे माणसे नेण्याचे साधन नाही. अपघात झाल्यास ट्रॉलीतल्या माणसांना ट्रॅक्टरचा साधा थर्ड पार्टी विमा आपोआप लागू होत नाही. भरपाईचा बोजा मालकाच्या शेतावर आणि घरावर येऊ शकतो. मजुरांसाठी रिक्षा किंवा जीपचे भाडे दोन-तीन शेतकऱ्यांनी वाटून घेतले तर ते मजुरीच्या तुलनेत थोडे असते. कठडे नसलेल्या विहिरी वाटेला लागून असतील, तर ट्रॉलीची वाट हंगामाआधीच दूर आखून घ्या. मडगार्डवर, दांडीवर किंवा भरलेल्या पोत्यांवर कोणी बसणार नाही, हा नियम घरच्या मुलांपासून लावा.

कागदपत्रे: नोंदणी, विमा, परवाना

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते. मोटार वाहन नियमांत कृषी ट्रेलरची व्याख्याच ‘प्रामुख्याने शेतीमाल वाहण्यासाठी’ अशी आहे. गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून घेताना बिल आणि नोंदणीला लागणारी कागदपत्रे तो देणार का, हे आगाऊ पैसे देण्याआधी विचारा. बिलावर हायड्रॉलिक ट्रॉली आणि साधी ट्रॉली यांना एकच जीएसटी दर लागत नाही. तेव्हा दोन्हींचा करासह भाव लेखी मागा. कर कमी झाल्यामुळे हायड्रॉलिक आणि साध्या ट्रॉलीतला फरक पूर्वीइतका राहिलेला नाही.

विमा पॉलिसीत ट्रॅक्टरसोबत ट्रॉलीचाही उल्लेख हवा. फक्त ट्रॅक्टरचा विमा असेल तर ट्रॉलीमुळे झालेल्या अपघातात वाद उभा राहतो.

परवान्याबाबत बराच संभ्रम होता, तो न्यायालयाने कमी केला आहे. ट्रॅक्टर चालवण्याचा वैध परवाना असलेल्याने ट्रॉली जोडली म्हणून त्याचा परवाना निरुपयोगी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात म्हटले होते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की हलक्या वाहनाचा, म्हणजे एलएमव्ही परवाना असलेला चालक ७,५०० किलोच्या आतील मालवाहू वाहनही वेगळ्या मान्यतेशिवाय चालवू शकतो. पण मुळात परवानाच नसेल, तर यातला कोणताही निकाल कामाला येत नाही. घरचा सोळा वर्षांचा मुलगा ‘शेतातच तर चालवतो’ म्हणून ट्रॉली घेऊन रस्ता ओलांडतो. त्या पन्नास फुटांतही परवाना लागतो.

रस्त्याच्या कामांवर मुरूम, गिट्टी वाहण्यासाठी भाड्याने ट्रॉली देण्याचा मोह होतो. वापर शेतीबाहेरचा झाला की नोंदणी, कर आणि विमा तिन्हींचे स्वरूप बदलते. विनापरवाना रेती वाहताना सापडली तर ट्रॅक्टर-ट्रॉली जप्त होते आणि दंड भरावा लागतो तो वेगळा.

अनुदानातून घेत असाल तर

सामाजिक न्याय विभागाची अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहायता बचत गटांसाठी मिनी ट्रॅक्टर योजना आहे. तिच्यात ट्रॅक्टरसोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर यांचा समावेश आहे. योजनेची खर्चमर्यादा ३ लाख ५० हजार रुपये आणि त्यावर ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार रुपये अनुदान, असे तिचे स्वरूप राहिले आहे. गटातले किमान ८० टक्के सदस्य आणि अध्यक्ष-सचिव या घटकांतले असावे लागतात. चालू वर्षाची मर्यादा आणि अर्जाची मुदत जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त, समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

या मर्यादेत बसवताना ट्रॉलीच्या वाट्याला सर्वांत कमी पैसा उरतो. गटांना आमचा सल्ला असा: आकाराने लहान ट्रॉली घ्या, पण टायर, पिन, दिवे आणि शक्य असेल तर ब्रेक चांगले घ्या. गटात ट्रॅक्टर पाच-सात जण चालवतात. सगळ्यांचा हात सारखा नसतो. म्हणून गटाची ट्रॉली वैयक्तिक ट्रॉलीपेक्षा अधिक बेताची असावी. कृषी विभागाच्या यांत्रिकीकरण योजनांसाठी महाडीबीटीवर अर्ज करताना पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नका.

ट्रॅक्टरच दूर न्यायचा असेल तर

समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला, ट्रॉलीसह किंवा ट्रॉलीशिवाय, प्रवेश नाही. फळबागेच्या फवारणीचे भाड्याचे काम असो की मोठी दुरुस्ती, मिनी ट्रॅक्टर दूरच्या गावी न्यायचा तर पिकअपवर चढवून नेणे सोयीचे. तेव्हा हे पाहा:

- ट्रॅक्टर ८०० किलो आणि रोटाव्हेटर २५० किलो धरला तर भार १,०५० किलो होतो. पाऊण टन क्षमतेचा ‘छोटा हत्ती’ त्याला पुरत नाही. सव्वा टनाच्या वरची पिकअप घ्या आणि आरसी बुकातली क्षमता वाचा.
- फळ्या किमान ८ ते १० फूट लांब, लोखंडी आणि वरच्या टोकाला गाडीत अडकणाऱ्या हव्यात. त्याहून चांगला उपाय म्हणजे साट्याच्या उंचीचा बांध किंवा मातीचा धक्का.
- अवजार काढून ठेवा. ट्रॅक्टर रिव्हर्सने, खालच्या गिअरमध्ये चढवा आणि सरळ उतरवा. मागे कोणी उभे राहू नये.
- चढवल्यावर गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक लावा, चाकांना पुढे-मागे ओंडके द्या. चार कोपऱ्यांना साखळी किंवा पट्ट्याने ताणून बांधा. दोरी पुरत नाही. दहा-बारा किलोमीटरनंतर थांबून ताण पुन्हा तपासा.

चालवताना चार सवयी

- रस्त्यावर येण्याआधी दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडा. शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले पेडल रस्त्यावर तसेच राहिले, तर एकच चाक थांबते आणि ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा करते.
- उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. उतारावर क्लच दाबू नका आणि न्यूट्रल करू नका. इंजिनचा रोध हा तुमचा दुसरा ब्रेक आहे.
- फोर व्हील ड्राइव्ह असेल तर कच्च्या उतारावर भरलेल्या ट्रॉलीसह ते लावा. पुढची चाकेही रोखायला मदत करतात.
- भरलेल्या ट्रॉलीसह वेग ताशी १५ ते २० किलोमीटर ठेवा. शेतातून डांबरीवर येताना टायरची माती झाडा.

थोडक्यात निवड

- ७०० ते ९०० किलोचा ट्रॅक्टर, ५ ते ७ एकर, उताराचा किंवा वर्दळीचा रस्ता: दोन चाकी, ४० ते ५० घनफुटांचा साटा, ७ ते ८ क्विंटलची खेप.
- तोच ट्रॅक्टर, सपाट शिवार, मुख्य रस्त्यावर जायचे नाही: दोन चाकी, ६० घनफूट, कोरड्या वाटेवर फार तर १० क्विंटल.
- १५ क्विंटलची गरज: ट्रॉलीला ब्रेक, नाहीतर दोन खेपा.
- कापूस, कुटार: तीच ट्रॉली, काढता येणारे वाढीव फाळके.

ट्रॉली घरी आणताना ती रिकामी वजनकाट्यावर चढवा. मग एकदा तुमच्या नेहमीच्या पद्धतीने सोयाबीन भरून पुन्हा चढवा. रिकामे वजन आणि जास्तीत जास्त माल, हे दोन आकडे पुढच्या फाळक्यावर मोठ्या अक्षरात रंगवा. ट्रॅक्टर कोणीही नेला, भरणारे कोणीही असले, तरी त्यांना ते समोर दिसले पाहिजेत.